साथीचे नियम आणि लहान मुलांची शाळा

साथीचा रोग गांवांत शिरला म्हणजे नियम करणारीं सगळीं माणसें मोठीं असतात. त्या नियमांचा भार मात्र फार लवकर लहान मुलांवर येऊन पडतो. बाजार बंद करावयाचा झाला तर व्यापारी शिष्टमंडळ नेतात, नाटकगृह बंद करावयाचें झालें तर त्याचे मालक तक्रार करतात. मुलांची सभा भरत नाहीं, त्यांचा अर्ज कचेरींत जात नाहीं. म्हणून साथ आणि शाळा यांचा इतिहास हा केवळ वैद्यकाच्या अभ्यासकांचा विषय नव्हे. मोठ्यांच्या भीतींतून निघालेले नियम आणि लहानांच्या गरजा यांचा मेळ कोणीं, केव्हां व कसा घातला, याचा तो इतिहास आहे. त्याचा धागा १८९४ सालच्या बोस्टनपासून २०२१ सालच्या महाराष्ट्रापर्यंत सलग लागतो.

सहा वर्षांचें मूल शाळेंत येतें तें केवळ बाराखडी शिकण्यासाठीं नव्हे. शेजारच्या मुलाच्या पाटींत डोकावून, त्याच्याशीं भांडून आणि पुन्हां गट्टी करून तें माणसांत राहावयास शिकतें. शिक्षकाच्या तोंडाकडे पाहून तें अक्षराचा उच्चार उचलतें. पडलें तर कोणीतरी उचलून घ्यावें, रडलें तर जवळ घ्यावें, ही त्याची गरज भुकेइतकीच खरी आहे. आणि साथीचे नियम नेमके याच्या उलट सांगतात: दूर राहा, स्पर्श करूं नका, तोंड झांका, घोळका करूं नका. दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणीं बरोबर आहेत. म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

अमेरिकेंतील बोस्टन शहरांत १८९४ सालीं घटसर्पाची साथ होती. त्या वेळीं शहरानें पन्नास डॉक्टर नेमून शाळेंतील मुलांची रोज तपासणी सुरू केली. हा प्रयोग अमेरिकेंत नवीनच होता. पुढें १८९७ मध्यें न्यूयॉर्कनें दीडशें डॉक्टर या कामावर घेतले. डॉक्टर सकाळीं येई, संशयित मुलांचा घसा, डोळे, कातडी पाही, आणि ज्याच्यांत दोष दिसेल त्याला घरीं पाठवी. खुपऱ्या, खरूज, नायटा, डोक्यांतील उवा, यांपैकीं कांहींहि असलें तरी शिक्षा एकच, ती म्हणजे शाळेबाहेर काढणें. तपासणी जसजशी कडक होत गेली तसतशी बाहेर काढलेल्या मुलांची संख्या वाढत गेली, आणि एकट्या सप्टेंबर १९०२ मध्यें ती १०,५६७ वर पोहोंचली.

नियम म्हणून यांत चूक कांहींच नव्हती. सांसर्गिक दोष असलेलें मूल वर्गांत बसवूं नये, हें कोणीहि कबूल करील. परंतु घरीं पाठविलेल्या मुलाचें पुढें काय होई? त्याच्या हातीं एक चिठ्ठी दिली जाई. घरीं आई बहुधा दुसऱ्या देशांतून आलेली. तिला ती चिठ्ठी वाचतां येत नसे. वाचतां आली तरी औषधाला पैसे नसत. मग तें मूल रस्त्यावर हिंडे आणि शाळा सुटल्यावर वर्गांतल्या त्याच सोबत्यांबरोबर त्याच गल्लींत खेळे. रोग होता तेथेंच राही. गेली ती फक्त शाळा.

हा दोष ज्या स्त्रीनें नेमका ओळखला तिचें नांव लिलियन वॉल्ड. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तींत तिनें १८९३ मध्यें परिचारिकांचें एक सेवाकेंद्र काढलें होतें, आणि शाळेबाहेर काढलेलीं मुलें तिच्या परिचारिकांना रोज दारोदार भेटत. तिनें नियमाविरुद्ध चळवळ केली नाहीं. नियमाबरोबर एक माणूस द्या, एवढेंच तिचें मागणें होतें. ऑक्टोबर १९०२ मध्यें तिनें लिना रॉजर्स ही आपली परिचारिका एक महिन्याच्या कराराने चार शाळांसाठीं दिली. लिना रॉजर्स मुलाचे डोळे स्वतः धुई, खरजेवर मलम लावी आणि किरकोळ दोष असलेल्या मुलाला तेथल्या तेथें वर्गांत परत बसवी. ज्यांना घरीं पाठविणें भागच होतें, त्यांच्या घरीं ती शाळा सुटल्यावर जाई आणि काय करावयाचें तें आईला हातानें करून दाखवी. महिना संपतां संपतां तिचें काम पाहून शहरानें आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०३ मध्यें शाळेबाहेर काढलेल्या मुलांची संख्या १,१०१ होती. वर्षभरांत दहा हजारांवरून अकराशेंवर! नियम तोच, रोग तेच, मुलें तींच. फरक पडला तो नियमाबरोबर मुलाच्या घरापर्यंत चालत जाणाऱ्या एका माणसानें.

नियम आणि माणूस यांची फारकत झाली म्हणजे काय होतें, हें त्याच सुमारास पुण्यानेंहि पाहिलें. १८९७ च्या आरंभीं पुण्यांत प्लेग वाढला, आणि रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीनें गोऱ्या शिपायांकरवीं घरें तपासून रोग्यांना इस्पितळांत व त्यांच्या माणसांना छावण्यांत नेण्यास आरंभ केला. रोगी वेगळा काढणें हें तत्त्व वैद्यकदृष्ट्या चुकीचें नव्हतें. परंतु तें ज्या रीतीनें अंमलांत आलें त्यानें लोक रोगापेक्षां उपायालाच अधिक भिऊं लागले, आणि रोगी लपवूं लागले. त्याच साथींत, त्याच मुलखांत, दुसरेंहि एक दृश्य घडलें. सावित्रीबाई फुले यांनीं आपल्या यशवंत या डॉक्टर मुलाच्या साह्यानें हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना चालविला होता. मुंढव्याच्या एका लहान मुलाला प्लेग झाल्याचें कळतांच त्यांनीं त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणलें. मूल वांचलें, सावित्रीबाईंना मात्र रोग जडला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें निधन झालें. ज्या बाईनें १८४८ पासून पुण्यांत मुलींना शिकविलें, तिच्या आयुष्याचें शेवटचें कामहि एक मूल उचलून घेण्याचेंच होतें. रोगी वेगळा काढावा हें त्यांनींहि मानलें, म्हणून तर त्या त्याला दवाखान्यांत घेऊन गेल्या. परंतु शिपाई धाडून नेलेलें मूल आणि पाठीवर घेऊन नेलेलें मूल, यांत जें अंतर आहे तेंच या सगळ्या प्रश्नाचें मर्म आहे.

तरी प्रत्येक साथीला असा आत्मत्याग मागतां येणार नाहीं, आणि शिक्षकांनीं मरावें अशी अपेक्षा करणारी व्यवस्था शहाणी म्हणतां येणार नाहीं. म्हणून पुढच्या पिढीनें दुसरा मार्ग शोधला. नियमालाच मुलाच्या मापानें बेतावयाचें, असा तो मार्ग होता. क्षयरोगाच्या भीतीनें त्याला चालना दिली. जर्मनींत बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ग गांवीं १९०४ सालीं झाडींत एक शाळा भरूं लागली. अशक्त मुलांना मोकळी हवा हवी, हा वैद्यांचा नियम. परंतु मुलांना झाडांखालीं नुसतें बसवून ती शाळा थांबली नाहीं. त्यांना तेथें पोटभर जेवण मिळे, दुपारीं आरामखुर्चीवर निजावयास मिळे, तास छोटे असत, आणि खेळ हा शिक्षणाचाच भाग मानला जाई. इंग्लंडांत १९०७ मध्यें आणि अमेरिकेंत १९०८ मध्यें या शाळेचें अनुकरण झालें.

अमेरिकेंतील ती पहिली शाळा प्रॉव्हिडन्स शहरांत ऐन जानेवारींत, एका रिकाम्या पडलेल्या शाळेच्या इमारतींत उघडली. मेरी पॅकार्ड आणि एलेन स्टोन या दोन स्त्री-डॉक्टर तिच्या मुळाशीं होत्या. वर्गाच्या एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत खिडक्या काढल्या आणि त्या हिंवाळाभर उघड्या ठेवल्या. श्रोत्यांनीं कल्पना करावी कीं बाहेर बर्फ पडत आहे आणि आंत सहा-सात वर्षांचीं मुलें अक्षरें गिरवीत आहेत! परंतु ज्यांनीं खिडकी उघडली त्यांनींच मुलांना जाड उबदार पिशव्याहि दिल्या. मूल त्यांत कमरेपर्यंत शिरून बसे, आणि पायांशीं तापविलेला दगड ठेवलेला असे. थोड्याच वर्षांत अशा शाळा अमेरिकेच्या इतर शहरांतहि निघाल्या. पुढें क्षयावर औषधें निघालीं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या हळूहळू मागें पडल्या. पण त्यांनीं ठेवून दिलेला धडा साधा आहे. खिडकी उघडण्याचा नियम करणाऱ्यानें पायाशीं ठेवावयाच्या दगडाचीहि व्यवस्था करावयाची असते.

या धड्याची खरी परीक्षा १९१८ सालीं झाली. त्या वर्षीं इन्फ्लुएंझाची साथ साऱ्या जगावर पसरली. मुंबईंत ती जूनमध्यें उतरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत तिनें हिंदुस्थानांत भयंकर संहार केला. अमेरिकेंतील बहुतेक मोठ्या शहरांनीं त्या शरद ऋतूंत शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क, शिकागो यांसारख्या थोड्या शहरांनीं त्या उघड्या ठेवल्या. न्यूयॉर्कचा आरोग्याधिकारी रॉयल कोपलँड याच्यावर त्याबद्दल कडक टीका झाली. त्याचें उत्तर हिशेबी होतें. शहरांत शाळेचीं मुलें सुमारें दहा लाख. त्यांपैकीं साडेसात लाख दाटीच्या, अंधाऱ्या चाळींत राहणारीं. शाळा बंद केली तर हीं मुलें कोठें जाणार? जेथें हवा नाहीं, पुरेसें अन्न नाहीं, आणि आईबाप कामावर गेलेले, अशा खोल्यांत. शाळेंत निदान मोठ्या खिडक्या आहेत, स्वच्छता आहे, आणि रोज सकाळीं त्यांच्याकडे पाहणारें एक शहाणें माणूस आहे.

या निर्णयामागें दुसरें एक डोकें होतें, तें डॉ. जोसेफिन बेकर यांचें. शहराच्या बालआरोग्य-विभागाची स्थापना १९०८ मध्यें झाली तेव्हांपासून त्या त्याच्या प्रमुख होत्या, आणि लिना रॉजर्सपासून सुरू झालेली शाळेंतील परिचारिकांची व्यवस्था त्यांच्या हाताखालीं चांगली रुजली होती. म्हणजे १९१८ मध्यें न्यूयॉर्कनें शाळा उघड्या ठेवल्या त्या केवळ धाडसानें नव्हे. सोळा वर्षांच्या तयारीवर ठेवल्या. मुलांनीं आवारांत घोळका करावयाचा नाहीं, थेट वर्गांत जावयाचें. शिक्षकानें प्रत्येकाकडे पाहून शिंक, खोकला, ताप यांचें चिन्ह दिसतांच मूल वेगळें काढावयाचें. त्याला एकटें रस्त्यावर न सोडतां आरोग्यखात्याच्या माणसानें घरीं पोहोंचवावयाचें. घर योग्य नसेल तर इस्पितळांत न्यावयाचें. आणि शाळा सुटल्यावर बाकीच्या मुलांनीं वाटेंत न रेंगाळतां घर गांठावयाचें. सोळा वर्षांपूर्वीं मुलाच्या हातीं नुसती चिठ्ठी होती. आतां त्याचा हात धरणारें माणूस होतें.

परिणाम काय झाला? त्या साथींत न्यूयॉर्कमध्यें मृत्यूचें प्रमाण दर हजारीं ४.७ पडलें; बोस्टनमध्यें तें ६.५ आणि फिलाडेल्फियांत ७.३ होतें. या आंकड्यांवरून शाळा उघडी ठेवल्यानें माणसें वांचलीं, असा निष्कर्ष काढणें मात्र उतावीळपणाचें होईल. न्यूयॉर्कनें कारखाने, दुकानें व नाटकगृहें यांच्या वेळा वेगवेगळ्या करून आगगाड्यांतील गर्दी कमी केली होती. रोगी वेगळे ठेवण्याची त्याची यंत्रणाहि जुनी होती. उलट सेंट लुई शहराचा आरोग्याधिकारी मॅक्स स्टार्कलॉफ यानें ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांतच शाळा, नाटकगृहें व सभा बंद केल्या, आणि त्या शहरांतहि मृत्यू तुलनेनें कमी झाले. पुढें २००७ सालीं अमेरिकेंतील ४३ शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या शहरांनीं बंदीचे उपाय लवकर योजले आणि दीर्घकाळ चालविले त्यांना ते फळले, असें त्यांत दिसून आलें. तेव्हां शाळा बंद करणें हें सदैव पाप आणि उघडणें हें सदैव पुण्य, असा सिद्धांत इतिहास देत नाहीं. त्याचा प्रश्न निराळा आहे. बंद केलीत तर बंद दाराबाहेर राहिलेल्या मुलाकडे कोण पाहणार? आणि उघडलीत तर आंत आलेल्या मुलाकडे कोण पाहणार? ज्या शहराजवळ या प्रश्नाचें उत्तर असेल, त्याचा कोणताहि निर्णय सुसह्य होतो.

रोग कोणता, हेंहि पाहिलें पाहिजे. १९१८ च्या इन्फ्लुएंझानें ऐन तारुण्यांतलीं माणसें विशेषेंकरून नेलीं. पोलिओ मात्र मुलांवरच धाड घालणारा. म्हणून १९३७ च्या सप्टेंबरांत शिकागोमध्यें पोलिओची साथ आली तेव्हां, १९१८ सालीं शाळा उघड्या ठेवणाऱ्या त्याच शहरानें त्या उघडण्याचें लांबणीवर टाकलें, आणि तें योग्यच होतें. परंतु मुलांचें शिक्षण थांबूं नये म्हणून तेथल्या शिक्षणखात्यानें एक अपूर्व योजना केली. शहरांतील नभोवाणी-केंद्रांनीं आपला वेळ मोफत दिला, आणि तिसरी ते आठवी या इयत्तांच्या सुमारें ३,१५,००० मुलांसाठीं पंधरा पंधरा मिनिटांचे धडे ध्वनिक्षेपित होऊं लागले. दिवसाचें वेळापत्रक वर्तमानपत्रांत छापून येई. पालकांच्या शंकांसाठीं टेलिफोनवर शिक्षक बसविले होते. तीन आठवड्यांच्या आंत शाळा उघडल्या आणि प्रयोग संपला.

नभोवाणीचा हा पराक्रम कौतुकास्पद खराच. पण ज्यांना अजून वाचतां येत नव्हतें, त्या पहिली-दुसरीच्या मुलांसाठीं या योजनेंत जागा नव्हती. याचें कारण कोणाचा निष्काळजीपणा नव्हे. तें त्या साधनाच्या स्वभावांतच आहे. नभोवाणीवरचा शिक्षक बोलतो, पण त्याला ऐकूं येत नाहीं. मुलानें बोट वर केलेलें त्याला दिसत नाहीं. ज्याला वाचतां येतें त्याला तो उपयोगी पडतो. ज्याला वाचावयास शिकावयाचें आहे त्याच्या हातांतील पेन्सिल धरून ती वळवावी लागते, आणि तें काम ध्वनिलहरींना होत नाहीं. ज्याच्या घरीं नभोवाणीचें यंत्रच नव्हतें त्याची गोष्ट तर वेगळीच.

हें सर्व त्र्याऐंशीं वर्षांनीं पुन्हां घडलें, आणि या वेळीं त्याचें क्षेत्र सारें जग होतें. मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या साथीमुळें महाराष्ट्रांतील शाळा बंद झाल्या. रोग नवा होता, त्याची गति कोणाला ठाऊक नव्हती. त्या वेळीं शाळा बंद करणाऱ्यांना दोष देतां येणार नाहीं. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हें बोधवाक्य घेऊन राज्यांत भ्रमणध्वनि, दूरदर्शन, आकाशवाणी या सर्व साधनांनीं धडे पोहोंचविण्याची खटपट झाली. जेथें तीं साधनें नव्हतीं तेथें शिक्षकांनीं व गांवकऱ्यांनीं आपल्या बुद्धीनें वाट काढली. पालघर जिल्ह्यांतील दांडवळ या आदिवासी गांवांत ध्वनिवर्धकावरून धडे ऐकविले जात आणि मुलें उघड्यावर अंतर ठेवून बसत. सोलापुरांत नीलमनगर या कामगारवस्तींत शाळेच्या शिक्षकांनीं घरांच्या भिंतींवरच पाठ्यपुस्तकांतील धडे रंगविले. मूल येतां जातां भिंतीपुढें उभें राही आणि वाची. शिकागोच्या नभोवाणीपेक्षां या भिंती एका गोष्टींत सरस होत्या. त्या मुलाच्या उंचीवर होत्या, त्याच्याच गल्लींत होत्या, आणि शिक्षक अधूनमधून तेथें येऊन त्याची विचारपूस करूं शकत होता.

परंतु साथ ओसरूं लागल्यावर शाळा कोणत्या क्रमानें उघडावयाच्या, या प्रश्नाला दोन देशांनीं दोन अगदीं उलट उत्तरें दिलीं. डेन्मार्कनें १५ एप्रिल २०२० रोजीं शाळा उघडावयास आरंभ केला तो सर्वांत लहान मुलांपासून. बालवाड्या आणि पांचवीपर्यंतचे वर्ग आधीं, मोठे विद्यार्थी मागाहून. लहान मुलांना या रोगाचा धोका थोडा, त्यांना घरीं एकटें ठेवतां येत नाहीं, आणि दूर बसून शिकणें त्यांनाच सर्वांत कमी जमतें, असा त्यामागें विचार होता. तेथें मुलांच्या लहान लहान टोळ्या केल्या. एका टोळींतलीं मुलें आपसांत खेळत, दुसऱ्या टोळींत मिसळत नसत. हात वारंवार धुवावयाचे, शक्य तितकें शिक्षण आवारांत आणि बागेंत द्यावयाचें, आणि पालकांनीं मुलाला दारापर्यंतच सोडावयाचें. मुलानें कोणालाहि शिवूं नये, असा अशक्य नियम केला नाहीं. कोणाकोणाला शिवावें याची मर्यादा घातली. शाळा उघडल्यामुळें साथ भडकली, असें तेथें आढळलें नाहीं.

महाराष्ट्रांत क्रम उलटा होता. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून, पांचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून उघडूं लागले; मग दुसरी लाट आली आणि पुन्हां सर्व बंद झालें. पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास मुभा मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तें आणखी कांहीं दिवस लांबलें. २०२० च्या जूनमध्यें जें मूल पहिलींत गेलें, तें आपल्या शाळेच्या बांकावर प्रथम बसलें तें दुसरीचें वर्ष अर्धें सरल्यावर. डेन्मार्क हा सुमारें साठ लाख वस्तीचा, संपन्न देश. तेथले वर्ग लहान, आवारें मोठीं. महाराष्ट्रांतील एका खोलींत दाटीवाटीनें बसणाऱ्या वर्गाशीं त्याची सरळ तुलना करणें न्यायाचें नव्हे. दुसऱ्या लाटेचा कहरहि विसरतां येत नाहीं. तरी एक गोष्ट उरतेच. ज्यांना शाळेची सर्वांत अधिक गरज होती, त्यांच्यासाठीं ती सर्वांत शेवटीं उघडली. मोठ्या मुलांपुढें परीक्षा होत्या, आणि परीक्षा ही मोठ्यांना दिसणारी गोष्ट आहे. लहान मुलाचें नुकसान ताबडतोब डोळ्यांत भरत नाहीं.

मागाहून तें मोजलें गेलें. अझीम प्रेमजी विद्यापीठानें पांच राज्यांतील दुसरी ते सहावीच्या १६,०६७ मुलांची पाहणी करून फेब्रुवारी २०२१ मध्यें सांगितलें कीं शंभरांतील ९२ मुलें भाषेंतील निदान एक तरी येत असलेली गोष्ट विसरलीं आहेत. ‘असर’ या देशव्यापी पाहणींत २०१८ सालीं तिसरींतील शंभरांपैकीं सुमारें २७ मुलांना दुसरीचा धडा वाचतां येत होता. २०२२ सालीं ती संख्या २० वर आली. हे आंकडे अक्षरांचे आहेत. भांडण मिटवावयास, आपली पाळी येईपर्यंत थांबावयास, आईचा पदर सोडून चार तास राहावयास किती मुलें शिकलीं नाहींत, याची मोजदाद कोणीं करावी?

या साऱ्या अनुभवांतून लहान मुलांपुरते जे नियम टिकले, त्यांचें स्वरूप पाहण्यासारखें आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनीं ऑगस्ट २०२० मध्येंच सांगून टाकलें कीं पांच वर्षांच्या व त्याखालच्या मुलांवर तोंड झांकण्याची सक्ति करूं नये. यांत ढिलाई नाहीं, समजूत आहे. एवढें लहान मूल मुखपट्टी ओली करील, दुसऱ्याशीं बदलेल, खालीं पाडून पुन्हां लावील, आणि शिक्षकाचा दिवस मुखपट्ट्या सांवरण्यांत जाईल. तेव्हां तोंड मोठ्यांनीं झांकावें, खिडक्या मोठ्यांनीं उघडाव्या, गर्दी मोठ्यांनीं टाळावी, आणि मुलाकडे त्याला पेलेल तेवढेंच द्यावें. सहा फूट अंतर म्हणजे किती, हें पहिलीच्या मुलाला सांगून कळत नाहीं. दोन्ही हात पसरून पाखरासारखें उभें राहा म्हटलें म्हणजे तें लगेच कळतें. वीस सेकंद हात धू म्हटल्यानें त्याला बोध होत नाहीं. हात धुतांना एकापासून वीसपर्यंत मोठ्यानें म्हण, असें सांगितलें कीं हात धुतले जातात आणि अंकहि पाठ होतात. मात्र अशा नियमाला शाळेंत पाण्याचा नळ आणि साबण लागतो. तो नसेल तर उरतो तो भिंतीवर लिहिलेला सुविचार.

आणि रडणाऱ्या मुलाचें काय? येथें कोणतेंहि परिपत्रक पुरें पडत नाहीं. शिक्षकानें आपलें तोंड झांकावें, हात धुवावे, खिडकीजवळ बसावें, आणि मग त्या मुलाला जवळ घ्यावें, हाच शहाणपणाचा मार्ग आहे. हात नियमाप्रमाणें धुतलेला असावा. पण तो मुलापर्यंत पोहोंचला पाहिजे.

साथी येतात आणि जातात. पटकी, प्लेग, देवी, इन्फ्लुएंझा, पोलिओ, कोरोना या प्रत्येकीच्या वेळीं माणसाला वाटलें कीं असें संकट पूर्वीं आलेंच नव्हतें, आणि प्रत्येकीच्या वेळीं शाळेच्या दारापाशीं तोच प्रश्न नव्यानें उभा राहिला. त्याचें उत्तर साथ आल्यावर शोधून मिळत नाहीं. न्यूयॉर्कला तें १९१८ मध्यें देतां आलें, कारण १९०२ मध्यें एका परिचारिकेनें चार शाळांतून हिंडावयास सुरुवात केली होती. पुढची साथ केव्हां येईल हें कोणी सांगूं शकत नाहीं. पण गांवोगांवच्या शाळेंत पाणी आहे कीं नाहीं, वर्गाला खिडक्या आहेत कीं नाहीं, आजारी मुलाच्या घरापर्यंत जाणारें माणूस नेमलेलें आहे कीं नाहीं, हें आजच पाहतां येईल. तें पाहून ठेवलें तर त्या दिवशीं कडी लावावयाची कीं काढावयाची, हा निर्णय भीतीच्या हातीं राहणार नाहीं; आणि दाराशीं उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या हातीं नुसती चिठ्ठी देऊन त्याला परत पाठविण्याची पाळी येणार नाहीं.